मुरमांचे वण आणि वसमतची हळद

मराठवाड्यात वसमत हे नाव आज हळदीशी जोडले गेले आहे. परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याचा हा तालुका. पावसाळ्याच्या तोंडाशी बेणे लावावयाचे, आठ-नऊ महिने पीक जोपासावयाचे, काढणीनंतर कंद शिजवून उन्हात वाळवावयाचे, ढोलात फिरवून त्यांना चकाकी आणावयाची आणि मग माल बाजार समितीच्या आवारात न्यावयाचा, असा येथील हळद उत्पादकाचा वर्षक्रम असतो. २०२४ साली ‘वसमत हळदी’ला भौगोलिक मानांकन मिळाले आणि या परिश्रमांची नोंद देशाच्या दप्तरी झाली.

ज्या घरी हळद पिकते त्या घरी ती केवळ वरणात पडत नाही. बोट कापले की चिमूटभर हळद जखमेवर दाबली जाते. लग्नघरी नवरदेव-नवरीच्या अंगाला ती लावली जाते. घरातील मुला-मुलींच्या चेहऱ्यावर मुरूम उठू लागले म्हणजे आजीबाईच्या बटव्यातून प्रथम हळदच बाहेर येते. या तिन्ही ठिकाणी हळद सारखेच काम करते काय, हा विचार मात्र क्वचितच होतो. तो व्हावयास हवा. मुरमाकडे ‘वयाचे आहे, जाईल’ म्हणून पाहिले जाते आणि त्यातील काही मुरूम जाताना चेहऱ्यावर कायमची खूण ठेवून जातात.

मुरूम का येतात?

मुरमास शुद्ध मराठीत तारुण्यपीटिका म्हणतात. हा विकार नवा नाही. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘मुखदूषिका’ या नावाने त्याचे वर्णन आढळते. तरुणांच्या चेहऱ्यावरील या पुटकुळ्यांना तेथे शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या, काट्यांची उपमा दिलेली आहे.

त्वचेवरील प्रत्येक केसाच्या मुळाशी एक सूक्ष्म तैलग्रंथी असते. वयात येताना शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण वाढते आणि या ग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. त्याच वेळी केसाच्या छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी साचतात व छिद्र बुजते. कोंडलेल्या तेलात त्वचेवर एरवीही वास्तव्य करणारे जीवाणू वाढतात आणि त्या जागी दाह सुरू होतो. छिद्राचे तोंड उघडे राहिले तर काळा ठिपका दिसतो, बंद राहिले तर पांढरा. दाह वाढला म्हणजे लाल पुटकुळी येते, पू धरतो, आणि दाह खोलवर गेला तर दुखरी गाठ बनते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. मुरूम हे अस्वच्छतेचे लक्षण नव्हे. दिवसातून सहा वेळा साबणाने चेहरा घासल्याने ते जात नाहीत, उलट त्वचा कोरडी पडून चिडते. तसेच मुरूम हे वाईट विचारांचे वा ‘उष्णते’चे फळ नव्हे. कुमारवयात दहापैकी सुमारे आठ मुला-मुलींना ते कमी-अधिक प्रमाणात येतातच.

डाग वेगळा, खड्डा वेगळा

मुरूम बरा झाल्यानंतर उरणाऱ्या खुणा दोन जातींच्या असतात. उपचाराची सारी दिशा त्यांतील फरकावर अवलंबून आहे.

पहिली खूण डागाची. दाह झाला की त्वचेतील रंगपेशी त्या जागी अधिक रंगद्रव्य निर्माण करतात. आपल्याकडील सावळ्या व गव्हाळ त्वचेत हे विशेष प्रमाणात घडते. असा डाग काळपट असला तरी बोट फिरविल्यास सपाट लागतो. त्वचेची घडण शाबूत असते. नवे मुरूम थांबले आणि उन्हापासून जपणूक झाली तर असे डाग काही महिन्यांत, क्वचित वर्ष-दीड वर्षात, आपोआप फिके होतात.

दुसरी खूण खड्ड्याची. दाह त्वचेच्या खालच्या थरापर्यंत पोहोचला तर तिला आधार देणारे तंतू नष्ट होतात आणि पृष्ठभाग खचतो. कधी सुईने टोचल्यासारखे अरुंद व खोल छिद्र राहते, कधी उभ्या कडांचा पसरट खळगा पडतो, तर कधी त्वचा लाटांसारखी उंचसखल होते. काही जणांना छातीवर, खांद्यावर वा जबड्याच्या कडेला याउलट उंचवट्याचे वण येतात. या खुणा रंगाच्या नसून घडणीच्या आहेत. त्या काळाबरोबर पुसल्या जात नाहीत.

मागील पिढीस हे वेगळे सांगावयास नको. भारतातील देवीचा अखेरचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि तो रोग संपला. परंतु ज्यांना देवी येऊन गेल्या त्यांच्या चेहऱ्यावरील वण जन्मभर राहिले. कोणत्याही उटण्याने ते भरून निघाले नाहीत. मुरमाच्या खोल वणांनाही हाच न्याय लागू आहे. म्हणून वण घालविण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे तो पडू न देणे, आणि त्यासाठी मुरूम वेळीच आटोक्यात आणणे.

हळदीचे सामर्थ्य आणि मर्यादा

येथे वसमतच्या हळदीकडे पुन्हा वळावे लागते. हळदीच्या औषधी गुणांवरून एक आंतरराष्ट्रीय वाद घडलेला आहे. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखमा भरण्याच्या उपयोगाबद्दल एक पेटंट देण्यात आले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्यास आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर होते. हे ज्ञान भारतात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, हे जुने ग्रंथ व प्रसिद्ध झालेले लेख सादर करून दाखविण्यात आले आणि १९९७ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने ते दावे फेटाळले.

या विजयाचा नेमका अर्थ लक्षात घेणे आवश्यक आहे. हळदीचा हा उपयोग नवा नाही, एवढेच तेथे सिद्ध झाले. हळद कोणत्या विकारावर किती गुणकारी आहे, हा प्रश्न त्या कार्यालयापुढे नव्हता. त्याचे उत्तर रुग्णांवरील काटेकोर चाचण्यांतूनच मिळू शकते. हळदीस पिवळा रंग देणारे कुरकुमिन हे द्रव्य दाह कमी करते व काही जीवाणूंची वाढ रोखते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. मात्र मुरमांवर तिचा परिणाम तपासणाऱ्या चाचण्या थोड्या व लहान आहेत. कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्वचेत खोल शिरत नाही आणि प्रकाशात टिकत नाही. हळदीचा डाग पडलेले कापड उन्हात टाकले की तो उडतो, हा प्रत्येक गृहिणीचा अनुभव याच गुणधर्माचा आहे.

तात्पर्य, शुद्ध हळदीचा पातळ लेप थोडा वेळ लावून धुऊन टाकल्यास बहुतेकांना अपाय होत नाही. सौम्य मुरमांत थोडा आराम वाटू शकतो. परंतु पू धरलेले मुरूम वा खोल गाठी तिने बऱ्या होतील आणि खड्डे भरून येतील, अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे उपचाराचे मोलाचे महिने गमावणे होय. हळद साय वा तेलात कालवून लावली तर छिद्रे अधिकच बुजतात. काहींच्या त्वचेस हळदीनेही खाज वा पुरळ येते. त्यांनी ती लावू नये.

शुद्धतेचाही प्रश्न आहे. भेसळीच्या हळदीत मेटॅनिल यलो हा रंग किंवा शिशाचे क्रोमेट आढळलेले आहे, आणि शिसे हे मुलांच्या मेंदूस घातक विष आहे. एका पेल्यातील पाण्यात चमचाभर हळद टाकावी. शुद्ध हळद तळाशी बसते व पाण्यास फिकट पिवळा रंग येतो. पाणी गडद पिवळे झाले तर कृत्रिम रंगाची शंका घ्यावी. शिशाची खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. ज्या तालुक्याच्या हळदीस मानांकन आहे, तेथील शेतकऱ्याच्या दृष्टीनेही भेसळ रोखणे हा पोटाचा प्रश्न आहे.

खरा धोका मलमांचा

हळदीने फारसा लाभ न झाला तरी सहसा हानी होत नाही. दुकानातून कोणाच्या तरी सांगण्यावरून आणलेल्या मलमांचे तसे नाही. क्लोबेटासॉल, बीटामेथासॉन, मोमेटासॉन अशी स्टेरॉइडे असलेली मलमे ‘गोरे होण्यासाठी’ व ‘मुरमांसाठी’ सर्रास लावली जातात. आठवडाभरात चेहरा उजळ व स्वच्छ दिसतो आणि विश्वास बसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि स्टेरॉइडामुळेच नवे मुरूम उठतात. मलम बंद केले की चेहऱ्याची आग होते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. अशा रीतीने रुग्ण त्या नळीचा बांधील बनतो. २०१८ साली केंद्र शासनाने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती याच कारणास्तव.

काही बेनामी ‘फेअरनेस’ मलमांत पारा असतो. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन महिलांच्या मूत्रपिंडांना अशा मलमामुळे इजा झाल्याचे वृत्त २०२३ साली प्रसिद्ध झाले होते. वेष्टनावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक व घटकद्रव्ये नसतील तर ते मलम घरात आणू नये. लिंबाचा रस, चुना, खाण्याचा सोडा व दंतमंजन हेही चेहऱ्यावर लावू नयेत. त्यांनी त्वचा भाजते आणि भाजलेल्या जागी नवा डाग पडतो.

योग्य उपचार

दिवसातून दोनदा सौम्य साबणाने चेहरा धुवावा. मुरूम पिळू किंवा फोडू नयेत, कारण नखाच्या दाबाने दाह खोल जातो आणि खड्डा पडतो. डोक्यास चपचपीत तेल लावण्याची सवय असल्यास कपाळावरचे मुरूम वाढतात. तेल बेताने व रात्री लावून सकाळी धुवावे. गोड व मैद्याचे पदार्थ कमी केल्याने काहींना लाभ होतो. शेतात वा शाळेत जाता-येता टोपी, रुमाल किंवा ओढणीने चेहरा झाकावा आणि शक्य असल्यास उन्हापासून संरक्षण देणारे मलम लावावे. त्याखेरीज डाग फिके होण्यास विलंब लागतो.

औषधांमध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड व ॲडापॅलिन ही बाहेरून लावावयाची मलमे मुख्य आहेत. डाग असल्यास ॲझेलेइक आम्लाचाही उपयोग होतो. पहिल्या औषधाने उशीच्या अभ्र्याचा व टॉवेलचा रंग उडतो, दुसऱ्याने प्रारंभी त्वचा सोलते. यास्तव ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोड्या प्रमाणापासून सुरू करावीत. गुण येण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून औषध सोडणे, ही सर्वांत सामान्य चूक होय. तीव्र विकारात पोटातून औषधे दिली जातात. त्यांपैकी आयसोट्रेटिनॉइनने गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात, म्हणून गर्भवतीस ते कधीही देऊ नये आणि गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीस देखरेखीविना देऊ नये.

पडलेल्या खड्ड्यांवर आज सूक्ष्म सुयांचा उपचार, वणाखालील तंतू सोडविणे, विशिष्ट आम्लाचा ठिपका लावणे, लेसर असे उपाय उपलब्ध आहेत. त्यांनी खड्डे उथळ होतात, नाहीसे होत नाहीत. ते प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञाकडूनच आणि नवे मुरूम थांबल्यानंतरच करावयाचे असतात. वसमत परिसरातील रुग्णांना नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळचे आहे. प्रवास शक्य नसल्यास ई-संजीवनी या शासकीय दूरध्वनिचित्र सेवेद्वारे घरबसल्या सल्ला घेता येतो.

शाळा आणि ग्रामपंचायत

इयत्ता आठवीपासून पुढे वर्गातील काही मुले-मुली खाली मान घालून बसू लागतात, समूहचित्रात मागे उभी राहतात, स्नेहसंमेलनातून अंग काढून घेतात. शिक्षकांनी याची दखल घ्यावी. चेहऱ्यावरून टोपणनावे ठेवण्यास वर्गात मज्जाव असावा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला असून शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ केंद्रे चालविली जातात. तेथे मुरमांबद्दल संकोच न बाळगता विचारता येते.

कोणत्या मुलास लवकर पाठवावे, याची खूणगाठ सोपी आहे. दुखऱ्या गाठी, पू, पडू लागलेले खड्डे, किंवा घरात आई-वडिलांच्या चेहऱ्यावर असे वण असणे, ही तातडीची लक्षणे होत. मुलीस मुरमांबरोबर पाळीची अनियमितता व चेहऱ्यावर राठ केस असतील तर संप्रेरकांची तपासणी करावी. चेहऱ्यावर फिकट व बधिर चट्टा असेल तर तो मुरमाचा डाग नव्हे. कुष्ठरोगाच्या तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. तेथील उपचार विनामूल्य आहेत.

ग्रामपंचायतीने आरोग्य समितीच्या बैठकीत आशा कार्यकर्ती व गावातील औषध दुकानदार यांना बोलावून चिठ्ठीविना स्टेरॉइड मलमे न विकण्याविषयी चर्चा घडवून आणावी. आठवडी बाजारात बिननावाच्या डब्या विकल्या जात असतील तर अन्न व औषध प्रशासनास कळवावे. या कामास निधी लागत नाही.

वसमतच्या मातीतील हळद स्वयंपाकघरात, मंगलकार्यात आणि बाजारपेठेत आपला मान टिकवून आहे. तिच्यावर औषधाचा सारा भार टाकून तिचा मान वाढत नाही. मुरूम दिसताच योग्य सल्ला, तीन महिन्यांचा धीर आणि उन्हापासून जपणूक एवढे साधले, तर बहुसंख्य मुला-मुलींच्या चेहऱ्यावर वण राहण्याचे कारण उरणार नाही.