समुद्र धुताना

मुलगी मालवणहून पुण्याला परतली की आमच्या न्हाणीघराला समुद्राचा वास येतो. तिला स्कूबा डायव्हिंगची हौस आहे, आणि ते सामान धुण्याचं काम निवृत्तीनंतर मी मागून घेतलं आहे.

धुण्यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. त्याचे बारीक खडे बटणं अडकवतात, रबरी कड्या झिजवतात. म्हणून मी टब भरून गोडं पाणी घेतो आणि सामान त्यात भिजत घालतो. फुगवायच्या जॅकेटच्या आतही पाणी भरून, खळबळून, उलटं धरून काढावं लागतं. मग सगळं सावलीत टांगायचं. उन्हानं रबर कामातून जातं.

खरी काळजी रेग्युलेटरची. १९४३ साली कूस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी जे यंत्र सिद्ध केलं, त्याचाच हा वंशज. टाकीत हवेचा दाब दोनशे बारच्या आसपास. टाकीवरचा पहिला भाग तो भोवतालच्या दाबापेक्षा साधारण दहा बार जास्त, इतक्यावर आणतो. तोंडातला दुसरा भाग श्वास घेण्याजोगा करतो. धुण्याआधी पहिल्या भागाची टोपी कोरडी करून घट्ट बसवायची. आणि पाण्यात असताना मधलं बटण दाबायचं नाही. झडप उघडते नि पाणी नळीतून आत शिरतं.

इथवर घरचं काम. त्यापुढे तज्ज्ञाचं.

हे मला ठाऊक होतं. तरीही गेल्या दिवाळीत, मुलगी दुपारची झोपली असताना, मी पान्हा घेऊन बसलो. घरातले नळ, मिक्सर, शिवणयंत्र मीच उघडतो, मग हे का नाही? पहिल्या भागाचं झाकण अर्धा आटा फिरलं आणि माझा हात थांबला. होतं तसं आवळलं. वरून काही कळत नव्हतं. आयुष्यभर बँकेत लोकांच्या बेरजा तपासल्या, आणि स्वतःची खाडाखोड अशी लपवून झोपायला गेलो! झोप कसली येते? चारच दिवसांनी ती पुन्हा बुडी मारणार होती.

सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं. ती रागावली नाही, हेच जास्त लागलं.

"बाबा, हा आता मी पाण्यात नेणार नाही. कड्या बदलून, गेज लावून दाब तपासल्याशिवाय नाहीच."

त्या खेपेला तिनं भाड्याचा रेग्युलेटर वापरला. दुरुस्तीचं बिल मी भरलं. पान्हे माळ्यावर गेले. धुणं मात्र अजून माझ्याकडेच आहे. परवा बॅग पुढ्यात ठेवून तिनं एवढंच विचारलं, "टोपी आधी कोरडी कराल ना?"