सर्व सोयी सुरू होईपर्यंत सहल पुढे ढकलावी काय? माळव्याच्या निमित्ताने काही विचार

इंदूरच्या कृष्णपुरा भागात खान नदीच्या काठी होळकरांच्या छत्र्या उभ्या आहेत. महाराणी कृष्णाबाई, तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या या छत्र्यांपासून राजवाडा चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे. गोव्यातून माळव्यात जाणारी मराठी कुटुंबे बहुधा याच परिसरातून प्रवासाची सुरुवात करतात. इंदूरमध्ये एक दिवस, उज्जैनला महाकालेश्वर, ओंकारेश्वरला दुसरे ज्योतिर्लिंग आणि शेवटी महेश्वर, मांडू वा हनुवंतिया येथील एखाद्या रिसॉर्टमध्ये दोन-तीन दिवसांची विश्रांती, असा हा सर्वसाधारण आराखडा असतो. उज्जैन इंदूरपासून सुमारे ५५ किलोमीटर, ओंकारेश्वर सुमारे ८० आणि महेश्वर व मांडू प्रत्येकी ९० ते १०० किलोमीटरच्या आत-बाहेर असल्याने तो सोयीचाही आहे.

अडचण येते ती शेवटच्या टप्प्यावर. खोली ठरवताना रिसॉर्टकडून कळते की तरणतलाव सध्या बंद आहे, नौकाविहार पावसामुळे थांबला आहे, दोन उपाहारगृहांपैकी एकच चालू आहे किंवा एका भागात दुरुस्ती सुरू आहे. ‘दिवाळीनंतर सर्व काही सुरू होईल’, असे आश्वासनही मिळते. मग घरात प्रश्न उभा राहतो, आता जावे की सहल पुढे ढकलावी? या प्रश्नाचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. मात्र ते शोधण्याची रीत सांगता येते.

बंद असण्याचे चार प्रकार

सोय बंद आहे एवढे कळून भागत नाही. ती का बंद आहे हे आधी विचारले पाहिजे. पहिला प्रकार ऋतुमानानुसार ठरलेल्या बंदचा. गोमंतकीयांना तो परिचित आहे. मे अखेरीस किनाऱ्यांवरील शॅक उतरतात, जलक्रीडा थांबतात, समुद्रात न उतरण्याच्या सूचना लागतात आणि पावसाळा सरल्यावर व्यवहार पुन्हा सुरू होतात. मध्य प्रदेशातील व्याघ्र प्रकल्पांचे गाभा क्षेत्र असेच १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पर्यटकांसाठी बंद असते. येथे तारीख ठाऊक असते, त्यामुळे वाट पाहण्याला अर्थ असतो.

दुसरा प्रकार निसर्गाच्या लहरीवर अवलंबून असलेल्या बंदचा. महेश्वरच्या वरच्या अंगाला नर्मदेवर ओंकारेश्वर आणि त्याहून वर इंदिरासागर ही धरणे आहेत. दरवाजे उघडले की नदीची पातळी वाढते, घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि नावा काठाला बांधल्या जातात. सप्टेंबर २०२३ च्या मध्यास झालेल्या अतिवृष्टीत ओंकारेश्वर परिसराला पुराचा मोठा फटका बसला होता. अशा बंदला तारीख नसते. तो दोन दिवसांत उठू शकतो किंवा दोन आठवडे टिकू शकतो.

तिसरा प्रकार दुरुस्तीचा, आणि याच बाबतीत सर्वाधिक सावध राहावे. इंदूरचा राजवाडा याचे बोलके उदाहरण आहे. १९८४ च्या दंगलीत लागलेल्या आगीत या वास्तूच्या मागील भागाची मोठी हानी झाली. त्या भागाची पुनर्बांधणी व्हायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. अलीकडेही जतनाच्या कामासाठी आतील भाग पर्यटकांना दीर्घकाळ पाहता आला नव्हता. ऐतिहासिक वास्तू आणि रिसॉर्ट यांची तुलना तंतोतंत होणार नाही हे खरे; तथापि दुरुस्तीची तारीख हा अंदाज असतो, वचन नसते, हा नियम दोहोंना लागू आहे. सामान उशिरा येते, कारागीर सणाला गावी जातात, परवाना अडकतो. म्हणून दुरुस्तीसाठी बंद असलेल्या सोयीकरिता सहल पुढे ढकलणाऱ्याने सांगितलेल्या तारखेनंतर निदान महिनाभराची सवड ठेवावी.

चौथा प्रकार शासकीय निर्बंधांचा. करोनाच्या काळात आपल्या राज्याने तो यजमान या नात्याने अनुभवला. जुलै २०२० च्या आरंभी गोव्याने देशी पर्यटकांसाठी दारे उघडली, तेव्हा सुमारे २५० हॉटेलांनाच परवानगी होती आणि कॅसिनो मात्र १ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाले. ‘गोवा खुला झाला’ आणि ‘गोवा पूर्ववत झाला’ या दोन घटनांत चार महिन्यांचे अंतर होते. त्या अवधीत आलेल्या काहींना शांत किनारे लाभले, तर काहींचा हिरमोड झाला. फरक पडला तो ते कशासाठी आले होते यामुळे.

रिसॉर्ट टप्प्याटप्प्याने का उघडतात?

यामागे व्यवसायाचे साधे गणित असते. जेवणाच्या बुफेसाठी किमान पाहुणे असावे लागतात. संख्या त्याखाली गेली की अन्न वाया जाते आणि व्यवस्थापन ठरावीक पदार्थांच्या यादीवर येते. तरणतलावाला रोजची स्वच्छता, पाण्यातील रसायनांचे संतुलन आणि जीवरक्षक लागतो. पावसात माती-पालापाचोळा येत असल्याने हा खर्च वाढतो. हंगामी कामगार शेतीच्या कामासाठी गावी गेलेले असतात. म्हणूनच डागडुजी आणि रंगकाम कमी गर्दीच्या महिन्यांत उरकले जाते.

यातून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. अनेक सोयी तारखेपेक्षा पाहुण्यांच्या संख्येवर चालतात. इंदूरलगतच्या ठिकाणी शनिवार-रविवारी शहरातील कुटुंबे येतात, तेव्हा सर्व उपाहारगृहे सुरू असण्याची शक्यता अधिक असते; तेच ठिकाण मंगळवारी निम्मे झोपलेले असू शकते. अशा वेळी सहल तीन महिने नव्हे, तर तीन दिवस पुढे नेली तरी काम भागते.

मुख्य हेतू कोणता, पूरक कोणता?

आता स्वतःकडे वळू. कुटुंबातील प्रत्येकाने रिसॉर्टच्या सोयींची तीन गटांत विभागणी करावी: जिच्याविना सहल व्यर्थ ठरेल अशी सोय, जिच्याविना थोडे वाईट वाटेल अशी सोय आणि जी नसल्याचे लक्षातही येणार नाही अशी सोय. पहिल्या गटात एकाच्याही यादीतील बंद सोय आली, तर सहल पुढे ढकलण्याचा गंभीर विचार करावा. ती केवळ दुसऱ्या-तिसऱ्या गटात असेल, तर जावे.

माळव्यात हे गणित ठिकाणानुसार पालटते. हनुवंतियाचे आकर्षण इंदिरासागरच्या अफाट जलाशयावरील नौकाविहार आणि जलक्रीडा हेच आहे. तेथे ऐन पावसाळ्यात जाऊन खिडकीतून पाणी पाहत बसण्यापेक्षा हिवाळ्याची वाट पाहणे शहाणपणाचे. मांडूचे मात्र नेमके उलट. मुंज तलाव आणि कापूर तलाव यांच्यामधील जहाज महाल पाण्यावर तरंगत असल्यासारखा दिसतो तो तलाव भरल्यावरच. धुक्यात हरवणारे पठार, हिरव्या दऱ्या, होशंगशाहाच्या मकबऱ्याचा ओला संगमरवर हे सारे पावसाचेच वैभव आहे. तेथील रिसॉर्टचा तरणतलाव सुरू होण्याची वाट पाहत मे महिन्यात जाणारा प्रवासी तलाव मिळवतो आणि मांडू गमावतो. अर्थात रूपमती मंडपातून नर्मदेची रेषा पाहायची असेल, तर आकाश निरभ्र हवे. त्यासाठी पावसाळ्यानंतरचे महिने बरे. महेश्वर या दोहोंच्या मधले. नौकाविहार हाच हेतू असेल तर थांबावे; अहिल्यादेवींच्या राजधानीचा किल्ला, मंदिरे आणि हातमागावरील माहेश्वरी साड्या पाहायच्या असतील, तर थांबण्याचे कारण नाही.

जाहिरातीत न दिसणाऱ्या सोयींचाही विचार हवा. वृद्ध माता-पिता सोबत असतील, तर तरणतलावापेक्षा उद्वाहन, गरम पाणी, जनरेटर, तळमजल्यावरील खोली आणि रात्री हाक मारल्यास येणारा कर्मचारी ही खरी गरज ठरते. यांपैकी काही बंद असेल, तर इतर सर्व सोयी सुरू असूनही सहल पुढे ढकलणेच योग्य.

पुढे ढकलण्यालाही किंमत असते

‘नंतर जाऊ’ हा निर्णय फुकटचा वाटतो. प्रत्यक्षात तो तसा नसतो. समजा, चौघांच्या कुटुंबाने पावसाळी दराने दोन खोल्या तीन रात्रींसाठी घेतल्या आणि दर खोलीमागे रात्रीला ४,००० रुपये आहे. हिवाळ्यात हाच दर ६,५०० झाला, तर सहा खोली-रात्रींवर १५,००० रुपये अधिक लागतील. विमानाची तिकिटे बदलण्यास माणशी ३,००० रुपये पडले, तर आणखी १२,००० रुपये. म्हणजे पुढे ढकलण्याची किंमत २७,००० रुपये झाली. आता प्रश्न असा विचारावा: तरणतलाव आणि नौकाविहार यांसाठी आपण वेगळे २७,००० रुपये मोजले असते काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर निर्णय झालाच. प्रत्येकाने येथे आपले आकडे घालून पाहावेत.

पैशांपलीकडेही हिशेब आहे. गोमंतकीय घरात चवथीच्या दिवसांत प्रवास बहुधा संभवत नाही. मुलांच्या सुट्ट्या आणि नोकरदारांची रजा एकाच वेळी जुळणे कठीण. उत्तरेकडील पंचांग पौर्णिमान्त असल्याने तेथील श्रावण आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधी सुरू होतो, आणि उज्जैनमधील महाकालाची सोमवारची सवारी श्रावणाबरोबरच तेथील भाद्रपदाच्या आरंभीच्या पक्षातही निघते. त्या काळात, विशेषतः सोमवारी, उज्जैन व ओंकारेश्वर येथे मोठी गर्दी असते. उलट, अनंत चतुर्दशीला इंदूरमध्ये निघणारी कापड गिरण्यांच्या परंपरेतील झाक्यांची मिरवणूक पाहायची असेल, तर त्याच दिवसांत तेथे असावे लागते; ती हिवाळ्यापर्यंत थांबत नाही.

सर्वांत नाजूक मुद्दा वयाचा. सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना नर्मदेचे दर्शन घडवायचे असेल आणि आज त्यांची प्रकृती प्रवासाला साथ देत असेल, तर बंद तरणतलाव हे सहल लांबणीवर टाकण्याचे कारण होऊ शकत नाही. पाच वर्षांच्या मुलाचे वयही पुढच्या हंगामापर्यंत तेच राहत नाही. मात्र नदीला पूर असताना निसरड्या घाटावर वृद्धांना नेणे हा धोका आहे. तेथे थांबणे हीच काळजी.

आरक्षणापूर्वी विचारावयाचे प्रश्न

निर्णय काहीही असो, पुढील माहिती रिसॉर्टकडून ईमेल वा व्हॉट्सॲपवर लेखी घ्यावी. आपल्या मुक्कामाच्या तारखांना नेमक्या कोणत्या सोयी बंद असतील? कारण काय? दुरुस्ती असल्यास काम किती वाजता चालते आणि आपल्या खोलीपासून किती दूर? बंद सोयीपोटी दरात सवलत मिळेल काय? सांगितलेली सोय आगमनावेळी बंद आढळल्यास रक्कम परत मिळेल की तारीख बदलून मिळेल? तारीख बदलल्यास जुनाच दर राहील काय? दूरध्वनीवरील गोड शब्द नंतर सिद्ध करता येत नाहीत; लेखी उत्तर करता येते.

याला कायद्याचाही आधार आहे. २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे घेऊन कबूल केलेली सेवा न देणे ही सेवेतील त्रुटी ठरू शकते. महत्त्वाची तरतूद अशी की तक्रारदार स्वतः राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार नोंदवू शकतो. म्हणजे माळव्यातील रिसॉर्टविरुद्धच्या तक्रारीसाठी इंदूरला खेपा घालाव्या लागत नाहीत; उत्तर वा दक्षिण गोव्याच्या आयोगाकडे जाता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत मात्र ती दाखल करावी. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करता येतो. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: सोय बंद असल्याचे आधीच कळवले असेल आणि आपण ते मान्य करून आरक्षण केले असेल, तर नंतर त्याच कारणासाठी तक्रारीला बळ राहत नाही. पुरामुळे थांबलेल्या नावांचा दोषही रिसॉर्टवर टाकता येणार नाही.

थोडक्यात निर्णय

बंद सोय हाच सहलीचा मुख्य हेतू असेल आणि ती सुरू होण्याची तारीख खात्रीची असेल, तर थांबावे. ती पूरक असेल, दरात योग्य सवलत मिळत असेल आणि सोबतच्यांचे वय वा रजा पुन्हा जुळण्याची शाश्वती नसेल, तर निघावे. तारीख अनिश्चित असेल, तर रद्द करता येईल असेच आरक्षण घ्यावे, थोडे महाग पडले तरी. आणि मन द्विधा असेल, तर तिसरा मार्ग आहे: उज्जैन-ओंकारेश्वर-मांडूचा प्रवास ठरल्याप्रमाणे करावा, मुक्काम इंदूरच्या साध्या हॉटेलात ठेवावा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आणि रात्रीचा सराफा सावकाश अनुभवावा, आणि रिसॉर्टसाठी राखलेले पैसे हिवाळ्यातील दुसऱ्या, छोट्या सहलीसाठी बाजूला ठेवावेत.