इतर हक्काचा रकाना

सातबारा उताऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून झालेला हा कागद चांद्यापासून बांद्यापर्यंत एकाच साच्याचा. त्यात जमीन नसते, जमिनीविषयीची माहिती असते: नंबर कोणता, क्षेत्र किती, कब्जा कोणाचा, पीक काय. पण ज्या गोष्टीला रकानाच नाही तिचे काय करायचे? सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा, पुनर्वसनासाठी मारलेला शिक्का, सगळे 'इतर हक्कात' जाते. वाचणाऱ्याला ते वाचता येते. मात्र तालुक्यातल्या असे शिक्के असलेल्या सगळ्या जमिनी एकत्र काढा म्हटले, तर एकेक उतारा चाळत बसावे लागते.

नकाशांच्या जगातही असाच एक उतारा असतो. त्याला मेटाडेटा म्हणतात. नकाशा कोणत्या प्रदेशाचा, कोणी काढला, केव्हा, कोणत्या प्रमाणात, कोणाकडे मिळेल, ही माहिती नकाशापासून वेगळी, ठरीव रकान्यांत भरून ठेवायची. 'विदेविषयीची विदा' हा प्रतिशब्द सुचवला जातो, पण तो जिभेवर रुळलेला नाही. या रकान्यांचा आंतरराष्ट्रीय साचा 'आयएसओ १९११५' या मानकाने २००३ मध्ये घालून दिला. अशा नोंदी साठवणाऱ्या आणि शोधून देणाऱ्या मुक्तस्रोत प्रणालींपैकी 'जिओनेटवर्क' सर्वात परिचित. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, म्हणजे रोममध्ये, २००१च्या सुमारास तिची सुरुवात झाली. ती फुकट मिळते आणि तिचा कोड कोणालाही बदलता येतो. साचा वाढवण्याचा प्रश्न उभा राहतो तो या बदलता येण्यामुळेच.

हे नुसते तत्त्व म्हणून कळायला जड जाते, म्हणून शिराळा घेऊ. समजा, तालुक्याचे जुने नकाशे, मोजणीचे कागद, धरणाच्या वेळचे आराखडे असा एक संग्रह आहे आणि तो जिओनेटवर्कवर नोंदवायचा आहे. पहिल्या दिवसापासून अडचणी सुरू होतात.

जिल्हा कोणता लिहायचा? एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत शिराळा हा सातारा जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्याचा पेटा. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. गावाचे नाव कुठे शिराळा, कुठे बत्तीस शिराळा, आणि रोमन लिपीत तर लिहिणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे. क्षेत्राचाही घोळ आहे. सतरा अंश अक्षांश आणि चौऱ्याहत्तर अंश रेखांश या दोन रेषा याच परिसरात एकमेकींना छेदतात. त्यामुळे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत हा मुलूख ४७ जी, ४७ एच, ४७ के आणि ४७ एल अशा चार गटांच्या पत्रकांत विभागला जातो. शिराळा गाव एका पत्रकात, चांदोलीचे धरण दुसऱ्यात. चौकट आखून क्षेत्र सांगावे, तर वारणेच्या पलीकडचा शाहूवाडीचा भागही आत येतो.

इथे नवशिक्याचा हात लगेच नवा रकाना जोडण्याकडे जातो. माझे मत असे की तो आवरावा. वर सांगितलेल्या सगळ्या अडचणींना मानकात आधीच जागा आहे. पर्यायी शीर्षकाचा रकाना हवा तितक्या वेळा वापरता येतो. एकच शीर्षक मराठीत आणि इंग्रजीत शेजारी शेजारी ठेवता येते. चौकटीऐवजी तालुक्याच्या हद्दीची वेडीवाकडी रेघ देता येते. आठ इंचाला एक मैल हे गावनकाशाचे जुने प्रमाण १ : ७९२० असे सरळ आकड्यात बसते. स्थलनामांसाठी जिओनेटवर्कमध्ये शब्दकोशासारखी सूची जोडता येते. तीत 'शिराळा' हे मुख्य नाव, बाकीची रूपे त्याच्याखाली, आणि वरचा प्रदेश म्हणून सातारा, दक्षिण सातारा, सांगली. साचा न वाढवता अर्ध्याहून अधिक काम असे उरकते.

उरतात त्या तीन गोष्टी, आणि त्या मात्र खऱ्या आहेत.

पहिली, जमिनीच्या नंबराची जात. मुंबई इलाख्याच्या मोजणीत शेतांना सर्व्हे नंबर पडले. मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची, सोळा आण्यांची. एक चौरस साखळी म्हणजे गुंठा आणि चाळीस गुंठे म्हणजे एकर. पुढे १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याने गावोगाव तुकडे जोडून गट पाडण्यात आले, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. सगळ्या गावांत ही योजना झालीही नाही. त्यामुळे नकाशावर नुसता '११२' दिसला, तर तो सर्व्हे नंबर की गट नंबर, हे कळल्याशिवाय तो आकडा निरुपयोगी, किंबहुना घातक. दोन वेगळ्या शेतांचा तोच नंबर असू शकतो.

दुसरी, तारीख. मानकाला इसवी सनाची तारीख लागते. मोडी कागदावर शके असतो, किंवा मृगापासून सुरू होणारा सुहूर सन. यातले कोणतेही वर्ष इसवी सनाच्या दोन वर्षांवर पसरते. रूपांतर करून एकच इसवी वर्ष लिहिले की मूळ लेखन पुसले जाते, आणि पुढच्या अभ्यासकाला रूपांतर तपासून पाहायला काही उरत नाही.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. वारणेवर चांदोलीला धरण झाले, जलाशय झाला. १९८५ मध्ये अभयारण्य, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. गावे उठली. उठलेले गाव महाराष्ट्रात अनेकदा आपले नाव बरोबर घेऊन जाते, आणि नव्या जागी वसाहतीला तेच नाव मिळते. सूचीत त्या नावाने शोध घेतला तर कोणती जागा यावी? पाण्याखालची की पुनर्वसनाची? धरणग्रस्ताच्या नातवाला आजोबांच्या शेताचा नकाशा हवा असतो, तेव्हा नुसत्या नावाने त्याची दिशाभूल होते. 'मूळ जागा', 'नवी जागा' आणि दोहोंना जोडणारा धागा असे रकाने मानकात तयार मिळत नाहीत.

आता तीन वाटा. हे सगळे 'सारांश' या मोकळ्या रकान्यात कोंबायचे, म्हणजे पुन्हा 'इतर हक्क'. किंवा आपल्या मनाने साचा मोडून नवा करायचा. मग आपली सूची फक्त आपल्यालाच वाचता येते. तिसरी वाट मानकानेच आखून दिली आहे. विस्तार करा, पण नियमाने. नवा रकाना जोडता येतो, मोकळ्या मजकुराच्या जागी ठरीव पर्यायांची यादी देता येते, ऐच्छिक रकाना सक्तीचा करता येतो. सक्तीचा मात्र ऐच्छिक करता येत नाही, आणि जुन्या रकान्याचे नाव वा अर्थ बदलता येत नाही. शिवाय प्रत्येक नव्या रकान्याची व्याख्या, तो कोणाच्या पोटात बसतो आणि तो का लागला, हेही लिहून ठेवायचे.

जिओनेटवर्कमध्ये हे काम 'स्कीमा प्लगइन' नावाच्या एका फोल्डरने होते. मूळ प्रणालीला हात लावायचा नाही. शेजारी खोली बांधायची. त्या फोल्डरात साच्याचे ओळखपत्र असते, रकान्यांची रचना असते, आणि नोंद पडद्यावर कशी दिसावी याच्या सूचना असतात. भाषेप्रमाणे लेबलांच्या फाइली असतात. तिथे मराठीची घालून 'गट क्रमांक' असेच लिहिता येते. तपासणीचे नियमही असतात. उदाहरणार्थ, नंबराची जात 'गट' असेल तर एकत्रीकरणाच्या तक्त्याचा उल्लेख हवा, नाहीतर नोंद अपुरी ठरवा. शोधसूचीत नवा रकाना घालायची आठवण ठेवावी लागते. ती राहिली, तर माहिती नोंदीत असते पण शोधात कधीच सापडत नाही.

नवे रकाने वेगळ्या आडनावाने लिहितात, म्हणजे मानकातल्या रकान्यांशी गल्लत होत नाही. आणि मानकातल्या एखाद्या घटकाचे आपण वाढीव रूप केले असेल, तर त्यावर तो मुळात कोणता, हे सांगणारी खूण लावावी लागते. ही खूण मला फार आवडते. आपला विस्तार न ओळखणारी दुसरी सूचीही ती पाहून मूळ घटक समजू शकते. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्र असो वा दिल्लीची राष्ट्रीय भू-स्थानिक माहिती यंत्रणा, त्यांना शिराळ्याची नोंद पाठवताना जादा रकाने गाळून साधी प्रत देणारे रूपांतरही त्याच फोल्डरात ठेवता येते. मूळ प्रत आपल्याकडे पूर्ण राहते.

ऑस्ट्रेलियातल्या समुद्र-अभ्यासकांनी हे मोठ्या प्रमाणावर केले. पाण्याचे तापमान, क्षारता अशी मोजमापे आणि माहितीच्या वापराचा परवाना यांसाठी त्यांनी स्वतःचा विस्तार केला आणि तो वर्षानुवर्षे वापरला. पण २०१४ मध्ये मूळ मानक सुधारले गेले, पाठोपाठ त्याचे नवे संगणकीय रूप आले, आणि त्यांना नोंदी नव्या साच्यात हलवाव्या लागल्या. जिओनेटवर्कच्या चौथ्या आवृत्तीत तर शोधाचे यंत्रच बदलले, त्यामुळे जुन्या प्लगइनांतला तो भाग नव्याने लिहिणे भाग पडले. विस्ताराचा खरा खर्च हा असतो. बांधायला एक उत्साही माणूस पुरतो. दर चार-पाच वर्षांनी डागडुजीला मात्र संस्था लागते, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा तो उत्साही माणूस बदलून गेलेला असतो.

म्हणून शिराळ्यासाठी मी तीनच गोष्टी जोडीन. नंबराची जात, तिला तीन पर्याय: सर्व्हे, गट, अज्ञात. मूळ कालगणनेतली तारीख, कागदावर जशी असेल तशी, इसवी तारखेच्या शेजारी. आणि स्थलांतरित गावासाठी दोन जागांना जोडणारा दुवा. यात 'अज्ञात' हा पर्याय हट्टाने ठेवायचा. तो नसेल तर नोंद भरणारा संध्याकाळी सहा वाजता घरी जायच्या घाईत यादीतले पहिले नाव निवडतो, आणि '११२' कायमचा सर्व्हे नंबर होऊन बसतो.