तुळस, चिलटं आणि तांब्याभर पाणी

मागच्या वर्षी श्रावणात आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीतली तुळस गेली. आधी पानं पिवळी पडली, मग खोड खालून काळं झालं, आणि एके सकाळी आजीने काही न बोलता ती उपटून ठेवली. त्या दिवशी ती नीट जेवलीसुद्धा नाही. कोणी म्हणालं दृष्ट लागली, कोणी म्हणालं इथली हवाच वाईट. यंदा जुलैमध्ये नव्या तुळशीचीही पानं पिवळी पडायला लागली तेव्हा मी ठरवलं, या वेळी कारण शोधायचंच. कार्तिकात तुळशीचं लग्न आहे आणि नवरीच जागेवर नाही, असं व्हायला नको!

पहिला पुरावा लगेच मिळाला. कुंडीला धक्का लागला की बारीक काळे किडे भुर्रकन उडायचे. मी त्यांना ‘मच्छर’ म्हणून मोकळी झाले. आजी म्हणाली, ‘‘मच्छर कसले गं, चिलटं ती!’’ कॉन्व्हेंटच्या कृपेने हा शब्द मला विसाव्या वर्षी कळला. इंग्रजीत यांना फंगस नॅट म्हणतात, म्हणजे बुरशीवर जगणारी चिलटं. आकार साधारण ३ मिलिमीटर. ही चावत नाहीत, डेंग्यू-मलेरिया पसरवत नाहीत, फक्त चहाच्या कपात पडून डोकं उठवतात.

खरा उद्योग मातीच्या आत चालतो. मादी ओल्या मातीत शंभर-दोनशे अंडी घालते. २४ अंशाच्या आसपास तापमान असेल तर अंड्यातून ३ दिवसांत अळी निघते, अळी साधारण १० दिवस खाते, ४ दिवस कोषात राहते आणि मग चिलट बाहेर पडतं. म्हणजे सतरा-अठरा दिवसांत पुढची बॅच तयार, आपल्या सेमिस्टरपेक्षा कितीतरी फास्ट. अळी पांढुरकी, पारदर्शक, डोकं मात्र चकचकीत काळं. वरच्या दोन इंच मातीतली बुरशी आणि कुजका पाला हे तिचं मुख्य जेवण. अळ्या खूप झाल्या की त्या रोपाची कोवळी मुळंही कुरतडतात, आणि जखमी मुळांत कुजवणारी बुरशी सहज शिरते.

खात्री करायची असेल तर सोपा प्रयोग आहे. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उलटून बघा. आमच्या चकतीखाली सात-आठ अळ्या वळवळत होत्या. आई ओरडली, मी खूश झाले. निदान पक्कं!

पण चिलटं आमच्याच कुंडीत का? मी एक दिवस नुसतं निरीक्षण केलं. सकाळी आंघोळीनंतर आजी तांब्याभर पाणी घालते. नऊ वाजता आई गाळणीतला चहाचा चोथा ‘खत म्हणून’ टाकते आणि त्यावर पेलाभर पाणी. संध्याकाळी बाबा ऑफिसमधून येऊन ‘आज कोणी पाणी घातलंच नसेल’ म्हणत पुन्हा मग रिकामा करतात. तिघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. त्यात कुंडीत नर्सरीतली निव्वळ लाल माती, जी दाबून घट्ट बसते आणि पाण्याचा निचरा होऊ देत नाही. इंजिनियरिंगच्या भाषेत तीन इनपुट आणि आउटपुट शून्य. पावसाळ्यात आपल्याकडे दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, मग कुंडीतली माती कशी वाळणार? सतत ओल आणि वर चोथ्यावर वाढलेली बुरशी. चिलटांना आम्ही आमंत्रणपत्रिकाच छापली होती.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: माती वाळू द्या. बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर पाणी नाही. वरची दोन इंच माती कोरडी झाली की अंडी आणि अळ्या जगणं कठीण. चोथा बंद. कुंडीखालची बशी रोज रिकामी करा. त्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे एडिस डास वाढतात, आणि ते मात्र खरंच चावतात. माती फारच घट्ट असेल तर लाल मातीत रेती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा आणि कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा.

दुसरा उपाय उडणाऱ्यांसाठी. पिवळ्या कार्डाला एरंडेल तेल फासून कुंडीत उभं करायचं. पिवळ्या रंगाकडे चिलटं ओढली जातात आणि चिकटतात. स्प्रे मारून मात्र फायदा नाही. वरची मरतात, खालची बॅच दोन दिवसांत हजर.

तिसरा उपाय अळ्यांसाठी, बीटीआय नावाचा जिवाणू. १९७६ मध्ये इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात डासांच्या डबक्यात तो सापडला. आपल्या देशातही डासांच्या अळ्या मारायला तो वापरतात. २००२ पासून आपल्याकडे बीटी कापूस आहे, त्यातला बीटी याचाच भाऊबंद. पण तो बोंडअळीसाठी, हा डास-चिलटांच्या अळ्यांसाठी. अळीने तो गिळला की त्यातलं प्रथिन तिच्या आतड्याला भोकं पाडतं. माणसाला किंवा झाडाला त्रास नाही. पाण्यात कालवून आठवड्यातून एकदा, असं तीनदा द्यायचं, कारण अंडी आणि कोष त्याला दाद देत नाहीत. आणि त्या दिवसाचं पाणी तेच, वेगळं घालायचं नाही!

हे सगळं सोपं होतं. अवघड होतं ते आजीला ‘तुळशीला पाणी घालू नकोस’ हे सांगणं. पन्नास वर्षांचा नेम तो. मी दोन दिवस शब्द जुळवले, शेवटी तिला बटाट्याची चकती दाखवली आणि म्हटलं, ‘‘आजी, मागची तुळस दृष्टीने नाही, पाण्याने गेली.’’

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘म्हणजे मीच घालवली म्हण की.’’

‘‘तू एकटी नाहीस. आपण चौघांनी. मी तर कधी बघितलंसुद्धा नाही तिच्याकडे.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर आजी तुळशीपुढे उभी, हातात तांब्याऐवजी पूजेची पळी. एक पळी पाणी घातलं, नमस्कार केला आणि मला म्हणाली, ‘‘देवाला पाणी पळीनेच देतात. तांब्या माझीच हौस होती.’’

पहिल्या आठवड्यात पिवळं कार्ड काळ्या ठिपक्यांनी भरून गेलं. पाचव्या आठवड्यात त्यावर मोजून दोन चिलटं होती. तुळशीला नवी पानं फुटली आहेत, मंजिऱ्याही आल्यात. बाबा अजूनही संध्याकाळी मग घेऊन येतात. पण आता आधी कुंडीत बोट घालून बघतात.