जांभळ्या माणसाची हुकमत

अमेरिकन चित्रकथांत १९६४ साली, ‘डेअरडेव्हिल’च्या चौथ्या अंकात, किलग्रेव्ह नावाचा खलपुरुष अवतरला. लेखक स्टॅन ली, चित्रकार जो ऑर्लँडो. हेरगिरी करताना एका प्रायोगिक रसायनाने तो न्हाऊन निघाला, कातडी जांभळी पडली. आणि पुढे बँकेत जाऊन त्याने नुसते पैसे मागितले की ते मिळू लागले!

ही जादू नव्हे, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. त्याच्या अंगातून द्रव्ये पाझरतात, ती श्वासावाटे वा कातडीवाटे दुसऱ्याच्या शरीरात शिरतात आणि इच्छाशक्ती लुळी पडते. म्हणजे या हुकमतीला हवा लागते, जवळीक लागते. तो दूर गेला की काही काळाने अंमल उतरतो. पहिल्याच कथेत डेअरडेव्हिलने त्याला प्लॅस्टिकच्या चादरीत गुंडाळून निष्प्रभ केले. (कारखान्याच्या फाटकावर आम्ही पाहिलेल्या हुकमतीला असली चादर पुरत नाही, ती पगारातून पाझरते.) १९८७ च्या ‘एम्परर डूम’मध्ये तर डॉक्टर डूम यालाच यंत्राला जुंपतो व त्याची शक्ती जगभर पसरवतो. हुकूम करणाराच तेथे वेठीला!

खरा प्रश्न मात्र ‘एलियस’ या मालिकेने (२००१–२००४) विचारला. जेसिका जोन्सला त्याने आठ महिने ताब्यात ठेवले. अंमल उतरला, तरी ‘माझ्या हातून घडले’ ही बोच उतरली नाही. दोष हाताचा की हुकमाचा? आमच्या मते हुकमाचाच. अखेरीस जीन ग्रेने तिच्या मनात पेरलेले कवच जागे झाले, आणि जेसिकाने त्याला ठोसे लगावून आडवा केला.