नऊ महिने नऊ दिवस : गर्भारपणाचे टप्पे आणि कुटुंबाची जबाबदारी

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, नवी उपकरणे आणि देणगीदारांची नामावली यांना मानाचे स्थान असते, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रसूती विभागाबाहेरील बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या मनातील प्रश्न आकड्यांत मावत नाहीत. ‘हे जे होत आहे, ते ठीक आहे ना?’ हा त्यांतील नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘होय’ असेच असते. परंतु ज्या थोड्या प्रसंगी ते ‘नाही’ असते, त्या प्रसंगी वेळ फार महत्त्वाचा ठरतो. म्हणून गर्भारपणाच्या प्रत्येक टप्प्यावर काय अपेक्षित असते आणि कोणती लक्षणे अपेक्षित नसतात, हे येथे मांडत आहोत. एका टप्प्यावर घेतलेली काळजी पुढच्या टप्प्यावर कामी येते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

दिवसांची गणना

लोकभाषेत आपण ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतो. वैद्यकात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने व सात दिवस मिळवून प्रसूतीची संभाव्य तारीख काढतात. हा कालावधी २८० दिवसांचा, म्हणजे ४० आठवड्यांचा होतो. ही तारीख अंदाजाची असते. ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर जन्मलेले बाळ पूर्ण दिवसांचे मानले जाते. तारीख उलटली म्हणून घाबरून जाऊ नये. मात्र तपासणीस अवश्य यावे, कारण ४२ आठवड्यांपलीकडे वाट पाहणे बाळाच्या हिताचे नसते. पाळीची तारीख आठवत नसल्यास पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीवरून दिवस सर्वांत अचूक ठरवता येतात.

पहिले तीन महिने

मळमळ, उलट्या, थकवा, वासांचा तिटकारा आणि वारंवार लघवीला जावे लागणे हे या काळातील नेहमीचे त्रास होत. चौथ्या महिन्यापर्यंत ते बहुधा ओसरतात. मात्र पोटात पाणीही टिकत नसेल, लघवी कमी होत असेल, अंगावरून रक्त जात असेल किंवा पोटात एका बाजूस तीव्र दुखत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात यावे.

आपल्याकडे तीन महिने पूर्ण होईपर्यंत ही बातमी कोणास सांगू नये, असा प्रघात आहे. त्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु बातमी शेजाऱ्यांपासून राखून ठेवणे वेगळे आणि डॉक्टरांपासून राखून ठेवणे वेगळे. बाळाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया असलेली नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच मिटते. ती नीट मिटावी यासाठी उपयोगी पडणारे फॉलिक ॲसिड शक्यतो गर्भधारणेपूर्वीच सुरू करावे लागते. पाचव्या महिन्यात प्रथमच आलेल्या भगिनीस त्याचा तो लाभ देता येत नाही.

या औषधाचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. डॉ. लूसी विल्स या ब्रिटिश संशोधिकेने १९२८ साली भारतात येऊन मुंबईतील गिरणी कामगार गर्भवतींच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्यांच्यातील एका प्रकारचा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला.

चौथा ते सातवा महिना

हा काळ तुलनेने सुखाचा असतो. भूक परतते, पोट दिसू लागते. पहिलटकरणीस बाळाची हालचाल साधारणपणे १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास प्रथम जाणवते. पूर्वी बाळंतपण झालेल्या स्त्रीस ती थोडी आधी कळते. याच सुमारास बाळाच्या अवयवांची तपशीलवार सोनोग्राफी केली जाते. तीत बाळाच्या लिंगाविषयी विचारणे किंवा सांगणे हा १९९४ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. तेव्हा ‘काय आहे?’ असे आमच्या डॉक्टरांस विचारू नये, ही नम्र विनंती. धनुर्वात व घटसर्प यांची लस, तसेच २४ ते २८ आठवड्यांदरम्यान साखरेची तपासणी याच टप्प्यात होते. आईचा रक्तगट निगेटिव्ह असल्यास सुमारे २८ व्या आठवड्यात विशेष इंजेक्शनाचा सल्ला दिला जातो.

या टप्प्यावरील सर्वांत महत्त्वाची, परंतु सर्वाधिक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे लोहाची गोळी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. म्हणजे त्यांचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी होते. चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस रोज एक गोळी घ्यावयाची असते. ‘गोळीने बाळ काळे होते’ हा समज निराधार आहे. शौचाचा रंग मात्र काळा होतो, आणि त्यात भीतीचे कारण नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. दोन जिवांची म्हणून दुप्पट जेवण्याची गरज नसते. रोजच्या आहारात एखादी भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध यांची भर पुरेशी असते. बाळ लहान राहून सुटका सोपी व्हावी म्हणून कमी जेवणे तर सर्वस्वी अहितकारक होय.

आठवा व नववा महिना

पाठदुखी, छातीत जळजळ, झोपमोड आणि संध्याकाळी पावलांना येणारी थोडी सूज हे सर्व अपेक्षित आहे. परंतु चेहरा व हात सुजणे, सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे ही रक्तदाब वाढल्याची चिन्हे असू शकतात. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरल्यास स्त्रीला काही त्रास वाटत नसला तरी उपचार आवश्यक असतात, अन्यथा झटके येण्याचा धोका संभवतो. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटल्यास सकाळपर्यंत थांबू नये. सातव्या महिन्यातील बाळ जगते, आठव्यातील जगत नाही, असा एक समज आहे. तो खरा नव्हे. गर्भात अधिक दिवस राहिलेले बाळ सर्वसाधारणपणे अधिक परिपक्व असते.

याच सुमारास डोहाळजेवण होऊन मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते. आम्हांस वारंवार अनुभवास येणारी अडचण अशी, की मुलगी माहेरी येते आणि तिचे कागद सासरीच राहतात. रक्तगट कोणता, मागील महिन्यात रक्तदाब किती होता, साखर वाढलेली होती काय, सोनोग्राफीत वार खाली असल्याचे म्हटले होते काय, यांपैकी काहीच ठाऊक नसताना मध्यरात्री कळा देणारी मुलगी दाखल होते. तिच्या आईस हे ठाऊक असण्याचे कारण नसते, आणि मुलगी सांगण्याच्या स्थितीत नसते. म्हणून ओटीत नारळ घालताना पिशवीत माता व बाल संरक्षण कार्ड आणि सर्व अहवालही घालावेत, आणि माहेरी पोहोचताच आठवड्याच्या आत येथील रुग्णालयात नाव नोंदवावे. वाहन कोणते, रक्त देऊ शकणारे दोघे कोण आणि घरातील कर्ता माणूस गावी नसल्यास निर्णय कोण घेईल, हेही आधीच ठरवून ठेवावे.

प्रसूती

खोट्या कळा अनियमित असतात आणि विश्रांतीने थांबतात. खऱ्या कळा क्रमाने जवळजवळ येतात आणि त्यांचा जोर वाढत जातो. पहिलटकरणीस गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडण्यास बारा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. उशीर होत आहे म्हणजे काही बिघडले, असे नव्हे. गर्भजल गेल्यास मात्र कळा नसल्या तरी लगेच यावे.

बाळाचा आवाज ऐकताच बाहेर पेढे निघतात, आणि नेमक्या त्याच वेळी आत आमची सर्वाधिक दक्षता सुरू होते. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयातून दर मिनिटास सुमारे अर्धा लिटर रक्त वाहत असते. वार पडल्यावर गर्भाशय आवळले नाही, तर रक्तस्राव अत्यंत वेगाने होतो. जिचे हिमोग्लोबिन चांगले आहे, ती असा काही स्राव सहन करू शकते. जिचे कमी आहे, तिला तेवढाच स्राव जिवावर बेतू शकतो. पाचव्या महिन्यात घेतलेली गोळी अशा वेळी कामी येते.

सव्वा महिना

आपल्या परंपरेने बाळंतिणीस सव्वा महिना विश्रांती दिली. वैद्यकही हा काळ सुमारे ४२ दिवसांचा मानते. बाळास तासाभरात अंगावर घ्यावे. पहिले चिकाचे दूध काढून टाकू नये. मध किंवा गुटी देऊ नये. अळिवाचे व डिंकाचे लाडू खुशाल द्यावेत, परंतु लोहाच्या गोळ्या आणखी १८० दिवस चालू ठेवाव्यात. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, अतिरक्तस्राव, पोटरीत दुखून येणारी सूज किंवा दोन आठवड्यांनंतरही न हटणारी उदासी ही लक्षणे दिसल्यास बाळंतीण सव्वा महिन्यात घराबाहेर पडत नाही, हा नियम बाजूस ठेवावा.

विलंब आणि आपण

सेरीन थॅडियस व डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ साली मातामृत्यूंमागील तीन विलंब मांडले : निर्णय घेण्यातील, रुग्णालयात पोहोचण्यातील आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील. पहिला विलंब कुटुंब टाळू शकते. दुसऱ्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तिसरा सर्वस्वी आमचा आहे. रात्री दोन वाजता शस्त्रक्रियागृह सज्ज असणे, भूलतज्ज्ञ उपस्थित असणे आणि शीतपेटीत रक्ताची पिशवी असणे यांसाठी खर्च येतो, आणि हा खर्च ज्या रात्री काहीच घडत नाही त्या रात्रीही करावा लागतो. आपल्या देणग्यांचा मोठा उपयोग अशा शांत रात्रींसाठी होतो, हे देणगीदारांस कृतज्ञतापूर्वक कळवावेसे वाटते.

महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू २००४-०६ मध्ये १३० होते. २०१८-२० मध्ये ते ३३ वर आले. हे यश परिचारिका, आशा कार्यकर्त्या, डॉक्टर आणि वेळेवर निघालेली असंख्य कुटुंबे यांचे आहे. उरलेल्या प्रत्येक मृत्यूमागे एक घर आहे. ते घर आपल्या परिसरातील असू नये, यासाठी हा लेख घरातील गर्भवतीस, तिच्या सासूस, आईस आणि विशेषतः पतीस वाचून दाखवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.