डाव्या हाताची पारख

सोने कसोटीच्या दगडावर घासल्याखेरीज त्याचा कस कळत नाही, हे पेढीवर बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. मुलांच्या अंगच्या गुणांच्या बाबतीत मात्र हीच माणसे घाई करतात. पहिल्या झळाळीवर भाव ठरतो, आणि झळाळी दिसली नाही तर तो गुण कायमचा अडगळीत पडतो.

धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्यातले सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे सर्वांना परिचित आहे. अशा गावातील शाळेच्या मैदानावर तेरा वर्षांचा एखादा मुलगा डाव्या हाताने सणसणीत चेंडू फेकू लागला, तर पाहणाऱ्याने त्याच्यात नेमके काय पाहावे? घरात त्याला ‘डावखुरा’ म्हणून टोकले जाईल, मैदानावर वेगाबद्दल शाबासकी मिळेल. पण खरी पारख दोन्हीकडे राहूनच जाईल.

चेंडू फेकणाऱ्या हाताची सर्वांत काटेकोर पारख बेसबॉल या खेळात होते. हा खेळ आपल्याकडे क्रिकेटइतका रुळलेला नसला, तरी राज्याच्या शालेय क्रीडा स्पर्धांत त्याला स्थान आहे. यात चेंडू फेकणाऱ्याला ‘पिचर’ म्हणतात. तो 60 फूट 6 इंच, म्हणजे सुमारे 18.44 मीटर अंतरावरून, टप्पा न पाडता थेट फलंदाजाकडे चेंडू टाकतो. हा चेंडू साधारण 142 ते 149 ग्रॅम वजनाचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित हलका असतो. 17 इंच रुंदीच्या पाटीवरून, फलंदाजाचे गुडघे आणि छाती यांच्या दरम्यान तो जावा लागतो.

डाव्या हाताला येथे विशेष मोल आहे. समाजात दहांपैकी सुमारे एकच जण डावखुरा असतो. अमेरिकेतील व्यावसायिक पिचरांमध्ये मात्र त्यांचा वाटा सुमारे चौथ्या हिश्श्याइतका आहे. डावखुऱ्या फलंदाजाला अशा पिचरचा चेंडू अवघड कोनातून येतो. शिवाय चेंडू टाकण्याच्या पवित्र्यात त्याचे तोंड पहिल्या ‘बेस’कडे असल्याने तेथून पुढे पळू पाहणाऱ्या खेळाडूवर त्याची नजर सहज राहते. घरात जो दोष समजला जातो, तोच येथे भांडवल ठरतो.

केवळ डावा हात मात्र पुरेसा नाही, आणि केवळ वेगही नाही. खेळाडूंचा शोध घेणारे जाणकार, ज्यांना ‘स्काउट’ म्हणतात, प्रत्येक गुणाला 20 ते 80 या मापावर स्वतंत्र गुण देतात. वेग वेगळा, वळणारा चेंडू वेगळा, नियंत्रण वेगळे. तोच चेंडू ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा टाकता येतो का? हाताची आणि पावलांची हालचाल दर वेळी सारखी राहते का? खांद्याला झटका न बसता सहजतेने चेंडू सुटतो का? एक फेक चुकल्यावर मुलगा चिडतो की सावरतो? शिकवलेले पुढच्या आठवड्यात त्याच्या खेळात दिसते का? आज तो किती वेगाने टाकतो याहून, पाच वर्षांनी तो काय करू शकेल, हा स्काउटच्या पाहणीचा खरा विषय असतो.

याचे बोलके उदाहरण भारतातच घडले. उत्तर प्रदेशातील भदोही जिल्ह्यातला रिंकू सिंह हा डावखुरा तरुण मूळचा भालाफेकपटू. ट्रकचालकाचा हा मुलगा 2008 मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेत उतरला. 37 हजारांहून अधिक स्पर्धकांमध्ये ताशी 87 मैल, म्हणजे सुमारे 140 किलोमीटर वेगाने चेंडू टाकून तो पहिला आला आणि एक लाख डॉलरचे पारितोषिक त्याने मिळवले. बेसबॉल त्याला ठाऊकही नव्हता. अमेरिकेत टॉम हाउस या अनुभवी प्रशिक्षकाने त्याला आणि दिनेश पटेल या दुसऱ्या भारतीय तरुणाला मुळापासून शिकवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्स संघाने दोघांशी करार केला, आणि जुलै 2009 मध्ये रिंकू अमेरिकेतील व्यावसायिक सामना जिंकणारा पहिला भारतीय पिचर ठरला.

यंत्राने त्याचा वेग एका फेकीत मोजला; नियंत्रण आणि खेळाची समज मिळवायला मात्र वर्षे लागली. तो कनिष्ठ स्पर्धांमध्ये पायरी पायरीने वर चढत होता. पुढे दुखापतींनी ती वाट अडवली. सर्वोच्च स्पर्धेपर्यंत तो पोहोचला नाही आणि 2018 मध्ये व्यावसायिक कुस्तीकडे वळला. हाताची देणगी मोठी असली तरी तिचा टिकाऊपणा गृहीत धरता येत नाही, हे त्यातून ध्यानात येते.

महाराष्ट्रात याच्या जवळचे उदाहरण क्रिकेटमध्ये सापडते. श्रीरामपूरचा डावखुरा झहीर खान वयाच्या सतराव्या वर्षी मुंबईत आला. अभियांत्रिकीचे शिक्षण की क्रिकेट, अशा वळणावर माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांनी त्याचा हात ओळखला. पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये त्याच्या गोलंदाजीला शिस्त आली. सन 2000 मध्ये तो भारताकडून खेळला आणि 92 कसोटींत त्याने 311 बळी घेतले. गावाने वेग पाहिला होता. त्यापुढचे पाहणारी नजर वेळेवर भेटली, हे त्याचे भाग्य.

मग सोनारीसारख्या गावातील पालकांनी काय करावे? महागड्या यंत्राची गरज नाही. भिंतीवर खडूने एक चौकट आखावी, मुलाच्या वयाला पेलेल इतक्या अंतरावरून वीस चेंडू टाकायला सांगावे आणि चौकटीत किती गेले ते वहीत मांडावे. महिन्याने पुन्हा मोजावे. वेगापेक्षा या आकड्यांतील वाढ अधिक खरे बोलते.

त्याच वहीत फेकींची संख्याही लिहावी. अमेरिकेतील मार्गदर्शक नियमांनुसार 13 ते 14 वर्षांच्या पिचरने एका दिवशी 95 हून अधिक चेंडू टाकू नयेत. 66 किंवा त्याहून अधिक टाकल्यास चार दिवस विश्रांती घ्यावी आणि वर्षातून किमान चार महिने स्पर्धात्मक पिचिंग बंद ठेवावे. वाढत्या वयात कोपराची आणि खांद्याची हाडे कोवळी असतात. दुखत असतानाही चेंडू टाकणे हे शौर्य नसून मुद्दलच खर्ची घालणे आहे.

आणि जन्मतः डावा असलेला हात बळजबरीने उजवा करू नये. ताटावरचा शिष्टाचार शिकवावा. पण मैदानावर त्याला त्याच्याच हाताने फेकू द्यावे. शाळा सोडवू नये, कारण थोडेच हात व्यवसायापर्यंत पोहोचतात. मूल पुढे पिचर होवो वा दुकानाच्या गादीवर बसो, आपल्याकडे कोणी नीट निरखून पाहिले होते आणि आपल्या हातावर घाईने ओझे टाकले नव्हते, ही जाणीव त्याला आयुष्यभर पुरते.